नवीन टर्बोचा शाफ्ट हलत होता, उद्यमनगरातल्या काकांनी डायल लावून दाखवलं : ३०० रुपयांच्या तपासणीचा अनुभव

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये. काकांनी स्वतःच सांगितलं की दोन माणसांत आहे तेवढंच काम आवरत नाही, अजून गर्दी झाली तर घाईत मापं चुकतील. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जाऊन कुठल्याही लेथवाल्याला विचारा की टर्बोला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावून बघणारे काका कुठे बसतात, बोट दाखवतील. मी पण असंच विचारत विचारत गेलो होतो, पिशवीत २१ हजारांचा नवा टर्बो (सायलेन्सरच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा भाग) आणि डोक्यात अकरा दिवसांचं टेन्शन घेऊन.

गाडी आमची डिझायर, २०१३ची, डिझेल. आबा टूरवर चालवायचे, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी चालवतो. इंजिन तेच १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट, जे स्विफ्टला पण होतं, इंडिका व्हिस्टाला पण होतं, पुंटोला पण होतं आणि ज्याला लोक भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. आमचं ७५ पीएसवालं, म्हणजे साधा टर्बो, बोर्गवॉर्नरचा केपी३५, वेस्टगेटवाला, म्हणजे जास्तीचा गॅस बाजूने सोडून देणारी झडप असलेला. ९० पीएसच्या गाड्यांना व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो यायचा, तो आमच्याकडे नाही.

एप्रिलच्या शेवटी गणपतीपुळ्याचं भाडं होतं, चार माणसं आणि सामान, आंबा घाट परत चढून येताना गाडीचा दम गेला. तिसऱ्या गियरला ओढेना, दुसऱ्यात घातली तर रुग्णवाहिकेच्या सायरनसारखा बारीक आवाज, जेवढं ॲक्सिलरेटर दाबू तेवढा चढत जाणारा, आणि आरशात बघतो तर मागे निळा धूर. पॅसेंजरना साखरप्याच्या बाजूला थांबवून दुसरी गाडी मागवून दिली आणि मी हळूहळू घरी आणली. टर्बो गेला हे त्याच दिवशी कळलं होतं, त्यात वाद नाही.

खरा त्रास पुढे सुरू झाला. नवा टर्बो एका बाहेरगावच्या डीलरकडून कुरिअरने मागवला. बॉक्स चांगला, सगळ्या तोंडांना प्लास्टिकची बुचं लावलेली, गॅस्केटचा सेट सोबत. बूच काढलं, हवेच्या बाजूच्या पंख्याचं टोकाचं नट दोन बोटांत धरलं आणि हलवून बघितलं तर ते हललं! डोळ्यांना दिसेल इतकं, वर-खाली. पोटात गोळाच आला. जुना, फुटका टर्बो हलतो म्हणून बदलायला काढलाय आणि नवा पण हलतोय. डीलरला फोन केला तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला "नवीन आहे ना, असंच असतं", बस एवढंच. कशाने असतं, किती असतं, काही नाही. मग जवळच्या एका गॅरेजात दाखवला, त्यांनी बोटाने एकदा टकटक हलवून सांगितलं की "हा गेलेला माल आहे, परत पाठवा". दोघांनीही मोजलं काहीच नव्हतं, दोघांनीही फक्त सांगितलं. मी गॅरेजवाल्याचं ऐकलं, टर्बो परत पाठवला, कुरिअरचे ८५० माझ्या खिशातून, दुसरा यायला आठवडा. भर लग्नसराईत गाडी दारात उभी. मे महिन्यातले अकरा दिवस टूरवाल्यासाठी काय असतात ते ज्याचा हप्ता चालू आहे त्यालाच माहीत.

दुसरा आला. बूच काढलं, नट धरलं, हलवलं. तो पण तेवढाच हलला.

त्या रात्री झोप लागली नाही. आबा म्हणाले, अरे दोन वेगवेगळे नवे डबे, दोन्ही सारखेच हलतायत, मग डब्यात खोट आहे का आपल्या बघण्यात खोट आहे ते तरी कुणाला तरी विचार. आबांचंच ऐकून दुसऱ्या दिवशी उद्यमनगर गाठलं.

दुकान म्हणजे बारा बाय पंधराची खोली असेल, दारात उन्हाळी कूलर, आत एक लांब बेंच, एक वाइस, भिंतीवर पत्र्याच्या कप्प्यांत जुने टर्बो तोंडाला कापड बांधून ठेवलेले. काका साठीच्या आसपास, आधी कुठल्या तरी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते म्हणे, आणि ते त्यांच्या हाताकडे बघून कळतं. मी टर्बो बेंचवर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं, की दोन टर्बो झाले, दोन्ही हलतायत, आता माझ्याकडे तिसऱ्याला वेळ नाही. त्यांनी टर्बोकडे बघितलंच नाही आधी, मला विचारलं, "हलवताना कसं हलवलंत? वर-खाली का आत-बाहेर?"

मी म्हटलं, हलवलं म्हणजे हलवलं, नट धरून.

"तसं न्हाय भाऊ. दोन वेगळ्या गोष्टी हायत त्या. एक असावीच लागती, दुसरी असून चालत न्हाय."

माझ्यासाठी सगळ्या प्रकरणाची गाठ या एका वाक्यात सुटली, त्यामुळे त्यांनी काय समजावलं ते सविस्तर लिहितो, कारण मला हे एक महिना आधी कुणी सांगितलं असतं तर पहिला टर्बो मी परत पाठवलाच नसता.

आपल्या गाड्यांच्या टर्बोत बॉल बेरिंग नसतं. साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीचा शाफ्ट असतो, त्याच्या एका टोकाला सायलेन्सरच्या गॅसवर फिरणारा पंखा, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंखा, आणि मधे शाफ्ट पितळी रंगाच्या बुशांमधून जातो. ते बुश घट्ट बसवलेले नसतात, मोकळे असतात, शाफ्टसोबत स्वतः पण फिरतात, पण शाफ्टपेक्षा हळू. म्हणजे शाफ्ट आणि बुशमधे एक फट, बुश आणि बाहेरच्या बॉडीमधे दुसरी फट, आणि दोन्ही फटींत इंजिनचं ऑइल प्रेशरने भरतं. इंजिन चालू झालं की शाफ्ट लोखंडाला टेकत नाही, ऑइलवर तरंगतो, आणि ते ऑइलच त्याला मधोमध धरून ठेवतं. एवढे छोटे टर्बो दोन लाख आरपीएमच्या पण वर फिरतात, तिथे लोखंडावर लोखंड घासलं तर काही सेकंदांचा खेळ आहे. म्हणून फट ठेवावीच लागते. आता डब्यातून काढलेल्या नव्या टर्बोत फट आहे पण त्यात ऑइलच नाही, असलाच तर कंपनीने जुळणी करताना लावलेला थोडा ओलावा, मग तो हातात हलणारच. उलट चांगल्या चालू टर्बोचा शाफ्ट गाडीवर हलवून बघितला तर कमी हलल्यासारखा वाटतो, कारण फटीत ऑइल बसलेलं असतं आणि ते हालचाल मऊ करतं. मी नेमकी हीच गल्लत करत होतो, मित्राच्या चालू गाडीचा पाइप काढून त्याचा शाफ्ट हलवून बघितला होता आणि तो कमी हलला म्हणून माझा नवा खराब ठरवला होता.

काकांनी उदाहरण दिलं बैलगाडीचं, आणि माझं बालपण शिरोळ तालुक्यातलं त्यामुळे एका क्षणात डोक्यात बसलं. बैलगाडीचं चाक आसावर कधी घट्ट असतं का, नसतं, ढिलंच असतं, त्या ढिलेपणात वंगण भरतात आणि चाक वंगणावर चालतं. वंगण नसताना चाक धरून हलवलं तर खडखड करणारच, म्हणून कुणी चाक फेकून देत नाही. पण आसाच्या टोकाची खीळ झिजली आणि चाक बाहेरच्या बाजूला सरकायला लागलं, तर त्या गाडीत ऊस भरत नाहीत. टर्बोचं पण तेच, वर-खाली हलणं हे वंगणाच्या जागेचं हलणं, आत-बाहेर हलणं हे खिळीचं. टर्बोत खिळीचं काम थ्रस्ट बेरिंग करतं. ते झिजलं की शाफ्ट लांबीच्या दिशेने सरकतो आणि पंखा सरळ घराच्या भिंतीला जाऊन भिडतो, कारण पंखा आणि घर यांच्यातली जागा केसाच्या हिशोबातली असते.

आता मोजमाप. वाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावलेल्या होत्या, त्यात त्यांनी टर्बोचा गरम बाजूचा फ्लँज (जोडाची सपाट कडा) धरला, तो पण जास्त न आवळता. चिंधीने बोटं पुसली, नटाचं टोक पुसलं. मॅग्नेटचा स्टँड वाइसवर चिकटवला आणि डायलची सुई शाफ्टच्या टोकावर अगदी सरळ रेषेत टेकवली, ती थोडी जरी तिरकी असेल तर आकडा खोटा येतो असं म्हणत दोनदा बाजूने वाकून बघितलं. काटा शून्यावर आणला. मग मागच्या पंख्याच्या बाजूने बोटाने शाफ्ट पुढे दाबला, काटा हलला आणि थांबला. परत मागे ओढला, काटा दुसऱ्या बाजूला. पुढे, मागे, पुढे, मागे, चार वेळा, आणि चारही वेळा काटा त्याच दोन रेघांवर थांबत होता, ते बघताना काय बरं वाटलं ते शब्दांत येत नाही. आकडा आला ०.०६ मिलिमीटर. छापायचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे शाफ्ट आत-बाहेर कागदाच्या जाडीइतका पण सरकत नव्हता. अशा छोट्या जर्नल बेरिंगच्या, म्हणजे ऑइलवर तरंगणाऱ्या बुशांच्या टर्बोंना आत-बाहेरची हालचाल साधारण ०.०२५ ते ०.१ मिलिमीटरच्या मधे धरतात, पक्की मर्यादा त्या त्या मॉडेलच्या कागदावर बघायची. काका म्हणाले, डायल नसेल तर एवढं लक्षात ठेवा की चांगल्या टर्बोत आत-बाहेर हलवताना हाताला जवळजवळ काहीच कळायला नको, टक असा धक्का हाताला लागला की समजायचं थ्रस्ट गेलंय.

मग वर-खाली. त्यासाठी दुसरा डायल घेतला, लिव्हरवाला, तो नटाच्या कडेला बाजूने टेकवला. शाफ्टची दोन्ही टोकं एकाच दिशेने उचलली, मग दोन्ही एकाच दिशेने दाबली. एका टोकाला वर आणि दुसऱ्याला खाली केलं तर शाफ्ट तिरका होतो आणि आकडा भलताच मोठा दिसतो, मी घरी एका बाजूचं नट धरून नेमकं हेच करत होतो. आकडा आला ०.४१. मी घाबरलो, म्हटलं हे तर कितीतरी जास्त आहे. तर त्यांनी समजावलं की बुश आत मधोमध आहेत आणि आपण मोजतोय टोकाला, आत थोडी फट असली तरी बाहेर लांब टोकाला ती वाढून दिसते. मोठ्या टर्बोंना ऑइल परत जायच्या भोकातून आत सुई घालून थेट शाफ्टवर मोजता येतं आणि तिथे आकडा खूप लहान येतो. त्यामुळे कुठे मोजलं हे सांगितल्याशिवाय नुसता आकडा सांगून उपयोग नाही. मग त्यांनी एक वही काढली, शाळेची असते तशी रेघांची, आणि याच मॉडेलचे आधी मोजलेले चार-पाच नवे टर्बो दाखवले, सगळे माझ्या आकड्याच्या आसपासच होते.

शेवटची तपासणी अशी की तिला डायल पण लागत नाही, आणि मला वाटतं प्रत्येक टूरवाल्याने ही शिकून घ्यावी. पंख्याची पाती न धरता फक्त नट धरून शाफ्ट एका बाजूला जेवढा जातो तेवढा दाबून ठेवायचा आणि तसाच दाबून हळू फिरवायचा. असा चारही दिशांना दाबून फिरवायचा, दोन्ही टोकांना. कुठेही पातं घराला लागलं, खरखर आवाज आला किंवा अडकल्यासारखं झालं तर टर्बो नको. माझा कुठेच लागला नाही. टॉर्च मारून पातं आणि घर यांच्यातली फट पण दाखवली, शाफ्ट पूर्ण एका बाजूला दाबला तरी प्रकाशाची बारीक रेघ शिल्लक राहत होती. सोडून दिल्यावर पंखा खूप वेळ फिरत राहिला नाही, मला वाटलं जड आहे, पण नव्यात जुळणीचं ऑइल असतं म्हणून तो लवकर थांबतो, यात काही वाईट नाही.

इथेच एक सांगतो, व्हिडिओमधे जे दाखवतात की बघा आमचा टर्बो अजिबात हलत नाही, ते बऱ्याचदा बॉल बेरिंगवाले महागडे टर्बो असतात, त्यांच्यात ही हालचाल खूपच कमी असते. तो व्हिडिओ बघून आपल्या डिझायरचा, बोलेरोचा टर्बो जोखू नका. मी जोखला होता.

तपासणीचे ३०० रुपये. माल त्यांच्याकडून घेतलेला नसताना. पावतीवर दोन्ही आकडे, टर्बोच्या पट्टीवरचा पार्ट नंबर आणि तारीख लिहून दिली. पट्टीवरचा नंबर आणि बॉक्सवरचा नंबर त्यांनी आधी जुळवून घेतला, माझ्या डोक्यातही आलं नसतं. वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरच्या रॉडवर नटाला रंगाचा ठिपका असतो, तो तुटलेला नाही ना तेही बघितलं, कारण ते नट कुणी फिरवलं असेल तर बूस्टची, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाची सेटिंग बिघडते.

मी पैसे देऊन निघत होतो तर म्हणाले, जुना कुठाय? गाडीत होता, डिकीत, गोणपाटात गुंडाळून. आणायला लावला. खरं सांगायचं तर या दुकानाला मी पाच पैकी पाच देतोय ते या पुढच्या अर्ध्या तासासाठी. जुन्याला त्याच डायलवर लावलं, आत-बाहेर ०.३८. सहापट. हातानेच टक टक कळत होतं, आणि हवेच्या घरात आतल्या बाजूला अर्ध्या वर्तुळात चकचकीत घासलेली रेघ, पात्यांची टोकं ब्लेडने तासल्यासारखी. दोन टर्बो एकामागोमाग हातात घेतल्यावर फरक इतका स्पष्ट कळला, की आता मला डोळे बांधून दिलं तरी सांगेन. पण काका तिथे थांबले नाहीत, त्यांनी ऑइल यायच्या भोकात टॉर्च मारली आणि मला बघायला लावलं. आत काळा, कडक कार्बन, भोक निम्मं बुजलेलं. "टर्बो मेला न्हाय भाऊ, त्याला उपाशी मारलाय. ह्योच पाइप नव्याला लावला तर नवा पण महिन्याभरात हितंच येणार."

कारण आमच्याच घरचं होतं. कंपनीने दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगितलंय आणि सीझनमधे आम्ही ते पंधरा-सोळा हजारांपर्यंत ओढत होतो. वरून घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद, टर्बो लालबुंद आणि आतलं ऑइल जागच्या जागी जळतंय. आबांना हे सांगताना मला वाईट वाटलं, त्यांनाही वाटलं, पण त्यांनीच मग स्वतः जाऊन ऑइल आणि फिल्टर आणले.

इंजिनवर बसवायचं काम काका करत नाहीत, बेंचपुरतंच त्यांचं काम, हा एक तोटा धरा हवं तर. बसवलं आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी, पण काकांनी पावतीच्या मागे लिहून दिलेल्या क्रमानेच. ऑइल येण्याचा पाइप नवा घेतला, जुना साफ करून वापरायचा नाही, कारण आत कार्बन राहिला की राहिलाच. परत जायचा पाइप काढून धुतला, तो चोंदला असेल तर ऑइल खाली न जाता पंख्यांकडून बाहेर पडतं आणि लोक म्हणतात नव्या टर्बोचं सील गेलं. टर्बोत रबरी सील नसतंच, पिस्टनच्या रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते, तिचं काम ऑइल अडवून धरण्याचं नाही, त्यामुळे खालचा रस्ता मोकळा हवाच. ऑइलच्या फ्लँजला सिलिकॉन लावायचं नाही, फक्त गॅस्केट, आमचे मिस्त्री ट्यूब हातात घेऊन तयार होते पण ऐकलं त्यांनी. सिलिकॉनचा एक तुकडा सुटून आत गेला की ऑइलचं भोक बंद. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) काढून उलटा केला तर पाव लिटर तरी जुनं ऑइल निघालं असेल. हे राहिलं तर इंजिन तेच ऑइल ओढून स्वतःच पळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, डिझेलमधे हा धोका खरा आहे, इथे आळस करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरडा टर्बो सुरू करायचा नाही. पाइप जोडायच्या आधी वरच्या भोकातून स्वच्छ नवं ऑइल हळूहळू ओतलं आणि पंखा हाताने फिरवत राहिलो, मी स्वतः फिरवला. तेव्हा एक गंमत हाताला कळली, जसजसं ऑइल आत शिरलं तसतसं ते वर-खाली हलणं मऊ होत गेलं, ती कोरडी टकटक गेली आणि शाफ्ट लोण्यात रोवल्यासारखा लागायला लागला. ज्या हलण्यासाठी मी एक टर्बो परत पाठवला, अकरा दिवस घालवले, ते दोन-तीन चमचे ऑइलने माझ्या बोटांखाली शांत झालं. मिस्त्रींना पण बोलावून हात लावायला लावला. त्यानंतर इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मारला, दहा-दहा सेकंद, मधे थांबत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग कनेक्टर लावून चालू केली आणि पाच-सात मिनिटं नुसती आयडलवर ठेवली, रेस अजिबात नाही. सुरुवातीला सायलेन्सरमधे साचलेल्या ऑइलचा थोडा धूर आला, मग बंद.

आता बरोबर ९ हजार किलोमीटर झालेत. आंबा घाट किती वेळा चढली मोजलं नाही, तिसऱ्यात ओढते, आवाज नाही, धूर नाही. परवा ऑइल बदलताना हवेचा पाइप काढून परत हात लावून बघितला, वर-खाली हलतो, पहिल्यासारखाच, मऊ. आत-बाहेर काही नाही. मन भरलं.

दुकानाबद्दल तक्रारीच्या म्हणाव्यात अशा गोष्टी थोड्याच आहेत. गाडी लावायला जागा नाही, लांब लावून टर्बो हातात घेऊन चालत यावं लागतं. दुपारी दीड ते तीन जेवायला बंद, मधे कुणी आलं तरी उघडत नाहीत. एका वेळी एकच टर्बो बघतात, माझ्या आधी एका पिकअपवाल्याचा होता, तर मला दीड तास थांबावं लागलं, पण त्या दीड तासात त्यांनी त्या माणसाला पण सगळं तेवढ्याच शांतपणे समजावलं होतं, त्यामुळे मला राग आला नाही. कोर, म्हणजे शाफ्ट आणि पंख्यांचा मधला भाग, बदलून पण देतात, बॅलन्सिंग बाहेरून मशीनवर करून आणतात आणि त्याचा रिपोर्ट देतात, पण माझं ते काम नव्हतं त्यामुळे त्याबद्दल मी काही सांगणार नाही. ज्यांनी घेतलंय त्यांनी खाली लिहा.

डीलरला मी फोन करून सांगितलं की तुमचा तो पहिला टर्बो बहुतेक चांगलाच होता, माझीच समजूत चुकली. आणि एक विनंती पण केली, की गिऱ्हाईक घाबरून फोन करतं तेव्हा असंच असतं एवढं म्हणून ठेवू नका, वर-खाली आणि आत-बाहेर एवढे दोन शब्द सांगा. पोरगा चांगला होता, म्हणाला लिहून ठेवतो.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं. सकाळी दहाला गेलात तर नंबर लवकर लागतो. नव्याची बुचं तिथे पोचल्याशिवाय काढू नका, धूळ जाते. आणि जुना टर्बो सोबत न्या, पण डिझेलने धुवून चकचकीत करून नेऊ नका, जसा काढलाय तसाच काळा, तेलकट न्या, त्यांना कारण त्यातच सापडतं.